धुराचं बिल कुणी भरायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात कोळशावर जाता जाता दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्याच्या टपालात तोच विषय, धुरावरचा म्हणजे कार्बनचा टॅक्स. चार प्रश्न निवडलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तिथे एकाचा धंदा अडकलाय.

प्रश्न: भोसरीत आमचं नट-बोल्टचं छोटं युनिट आहे. जर्मनीची एक पार्टी आठ वर्षं माल घेतेय, आता म्हणतात एका टन बोल्टमागे किती कार्बन निघाला ते लिहून द्या, नाहीतर रेट कमी करा. आमच्याकडे साधी चिमणीसुद्धा नाही हो, सगळं लाईटवर चालतं. हा कसला टॅक्स आणि आम्ही का भरायचा?

उत्तर: दादा, कागदावर हा टॅक्स तुम्ही भरतच नाही, तुमची जर्मनीतली पार्टी भरते, पण टॅक्स भरतो कोण आणि शेवटी पडतो कुणाच्या अंगावर हे तुम्हाला मी काय सांगणार, रेट कमी करा म्हणतायत म्हणजे तेच चाललंय. नाव सीबीएएम, आपल्या भाषेत सांगायचं तर युरोपच्या वेशीवरचा कार्बनचा जकात नाका.

झालं असं की युरोपने २००५ पासून स्वतःच्या कारखान्यांना धुराची परमिटं लावली, जेवढे टन कार्बन तेवढी परमिटं, आणि ती बाजारात विकली जातात, २०२५ मध्ये टनाला साधारण ६० ते ८० युरो पडायची. मग तिथले पोलादवाले ओरडायला लागले की आम्ही पैसे भरायचे आणि चीन-भारताचा माल तसाच आत येणार, यापेक्षा आम्हीच कारखाना उचलून तिकडे नेतो. त्यांना गप्प बसवायला इतकी वर्षं बरीचशी परमिटं फुकट वाटली. म्हणजे कायदा होता पण मोठ्या धुरवाल्यांना त्याची झळ कमीच. आता ठरलंय की फुकट वाटप कमी करत २०३४ ला शून्यावर आणायचं आणि त्याच बेताने बाहेरच्या मालाला पैसे लावत जायचं. ऑक्टोबर २०२३ पासून नुसते रिपोर्ट घेत होते, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा हिशोब सुरू झाला. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन, वीज एवढ्यावरच आहे, पण नट-बोल्ट पोलादाच्या यादीत सरळ सरळ आहेत, त्यातून सुटका नाही.

आता तुमच्या लाईटचं. गंमत अशी की पोलादाच्या मालाला वापरलेल्या विजेचा कार्बन सध्या धरतच नाहीत! धरतात तो जळणाचा आणि भट्टीचा थेट धूर. मग तुमच्या बोल्टला एवढा कार्बन कुठून चिकटला, तर वायर रॉडमधून, म्हणजे ज्या सळईपासून तुम्ही बोल्ट बनवता तिच्यातून. ज्या मिलने ते स्टील बनवलं तिचा त्या स्टीलमागचा थेट धूर तुमच्या नावावर चढतो. आपल्याकडे टनभर स्टीलमागे सरासरी अडीच टनाच्या आसपास कार्बन निघतो, जगाची सरासरी दोनच्या जवळपास आहे, कारण आपलं बरंच स्टील कोळशावर होतं. भंगार वितळवून बनवलेलं स्टील असेल तर आकडा खूपच खाली येतो. म्हणून मिलकडून एमटीसी, म्हणजे मालाच्या चाचणीचं सर्टिफिकेट, मागता तसा कार्बनचा आकडाही लेखी मागा. छोट्या माणसाला मिल दाद देत नाही हे मला माहितीये, तरी चार जणांनी मिळून मागा, कारण तुम्ही आकडा नाही दिला तर ते स्वतःचा ठरवलेला आकडा लावतात आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो.

हिशोबात युरोपवाल्यांना जेवढी फुकट परमिटं मिळतात तेवढी सूट आपल्या मालालाही मिळते, पण ती त्यांच्या चांगल्यातल्या चांगल्या कारखान्यांच्या मापाने, त्यापेक्षा जास्तीचा धूर असेल तर त्यावर आजच पूर्ण भाव. आणि एक गोष्ट पार्टीला नक्की विचारा, वर्षाला असा सगळा माल मिळून ५० टनाच्या आत आणणाऱ्या इम्पोर्टरला यातून माफी आहे. ५० टन म्हणजे दोन-अडीच कंटेनर. तुमची पार्टी त्यात बसत असेल तर रेट कमी करायची गरजच काय, असं ठणकावून म्हणा.

प्रश्न: मी एमपीएससीचा अभ्यास करते, जळगावहून. भारतात कार्बन टॅक्स आहे की नाही? एका क्लासमध्ये हो सांगतात, दुसरीकडे नाही.

उत्तर: दोन्ही सर थोडे थोडे बरोबर आहेत. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये सेस लागला, स्वच्छ ऊर्जेच्या नावाने. मग १००, मग २००, आणि २०१६ ला ४००. नाव कार्बन टॅक्स नाही पण काम जवळपास तेच, आणि एवढा वाढूनही कुणी रस्त्यावर आलं नाही, का तर तो तुमच्या-माझ्या वीजबिलावर वेगळा दिसलाच नाही. हे लक्षात ठेव, मेलबर्नच्या प्रश्नात परत येणार आहे.

मग २०१७ ला जीएसटी आला, तो सेस गेला आणि त्याच ४०० रुपयांचा झाला कॉम्पेन्सेशन सेस, म्हणजे सौर-पवनसाठी म्हणून सुरू केलेला पैसा राज्यांची नुकसानभरपाई करायला. मला विचारशील तर खरी गडबड इथे झाली. टॅक्स लावायची हिंमत आपण दाखवली होती, फक्त तो कशासाठी होता ते सात वर्षांत विसरलो. सप्टेंबर २०२५ मध्ये तो सेसही काढला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. आता हा टक्क्यात आहे, म्हणजे कोळशाच्या किमतीवर, वजनावर नाही. ४०० रुपये सपाट होते तेव्हा हलक्या, जास्त राखेच्या स्वस्त कोळशाला त्याची झळ जास्त लागायची, आता ती कमी झाली. पेपरमध्ये हा मुद्दा लिहिलास तर चांगले मार्क पडायला हरकत नाही.

दुसरी वाट म्हणजे कार्बन क्रेडिटची बाजारपेठ, टार्गेटपेक्षा कमी धूर केला तर क्रेडिट मिळतं आणि ते विकता येतं. २०२२ ला ऊर्जा संवर्धन कायदा सुधारला, २०२३ ला योजना आली, ऑक्टोबर २०२५ ला पहिली टार्गेटं नोटिफाय झाली, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, कागद आणि क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा-क्लोरीनचे कारखाने). पोलाद त्या पहिल्या यादीत नव्हतं. टार्गेट एकूण धुरावर नाही, टनामागच्या धुरावर आहे, म्हणजे कारखाना दुप्पट माल काढू शकतो, फक्त दर टनाला धूर कमी करायचा. वाढत्या देशाला हे सोयीचं आहे, मला यात लबाडी वाटत नाही. पण युरोपच्या नियमात आपल्या देशात खरोखर भरलेली कार्बनची किंमत वजा होते. वरच्या भोसरीच्या दादांच्या बोल्टचे पैसे दिल्लीत गोळा झाले तर इथे राहतील, नाही झाले तर ब्रसेल्सला, म्हणजे युरोपच्या तिजोरीत, जातील. आपण हा वाद पर्यावरणाचा समजून बसलोय, तो अर्धाअधिक वसुलीचा आहे.

प्रश्न: मी मेलबर्नला असतो. इथे कार्बन टॅक्स आला आणि दोन वर्षांत गेला. लोकांना इन्कम टॅक्समध्ये सूट मिळाली होती, तरी एवढे चिडले का?

उत्तर: कारण तेव्हाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी २०१० च्या निवडणुकीआधी सांगितलं होतं की माझं सरकार कार्बन टॅक्स आणणार नाही. मग बहुमत नाही मिळालं, ग्रीन पार्टीचा टेकू घ्यावा लागला, आणि १ जुलै २०१२ पासून टनाला २३ ऑस्ट्रेलियन डॉलर लागले. खरं तर तो आधी ठरलेल्या भावाची परमिटं आणि नंतर बाजार असा मामला होता, पण विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट यांनी टॅक्स टॅक्स म्हणून एवढा धोशा लावला की तेच नाव चिकटलं. जुलै २०१४ मध्ये रद्द.

सूट मोठीच होती हो, करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ६,००० वरून १८,२०० डॉलरवर गेली. पण ती पगारात कुठेतरी मिसळून गेली आणि वीजबिल मात्र दर तिमाहीला टेबलावर. विजेचे दर तारांच्या खर्चामुळेही वाढत होते पण बोट एकाकडेच. कॅनडाने तर थेट बँक खात्यात पैसे परत दिले तरी एप्रिल २०२५ मध्ये तिथला ग्राहकांवरचा कार्बन टॅक्स बंद करावा लागला, कारखान्यांवरचा मात्र चालू आहे. आपला ४०० रुपयांचा सेस आठवा, बिलावर दिसलाच नाही म्हणून कुणी बोललं नाही.

प्रश्न: दीडशे वर्षं ज्यांनी धूर केला त्यांनी भरावं, आमच्या गळ्यात कशाला? (साताऱ्याचे एक आजोबा)

उत्तर: आजोबा, तुमचं म्हणणं आपलं सरकारही परिषदांमधून मांडतंच. आपला माणशी कार्बन वर्षाला दोन टन, अमेरिकेचा चौदाच्या आसपास. पण एकूण बेरजेत चीन, अमेरिका आणि मग आपण, त्यामुळे तिसऱ्या नंबरच्या देशाला बाजूला बसवून हिशोब लागत नाही. २०२४ ला बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करायचं कबूल केलं, गरीब देश १.३ लाख कोटी डॉलर मागत होते, आणि भारताने तिथेच उठून हे मान्य नाही म्हणून सांगितलं. माझी तक्रार वेगळी आहे, त्या जकात नाक्यावर जमणारा पैसा युरोपच्याच तिजोरीत जातो. तो निदान आपल्या भट्ट्या बदलायला परत दिला असता तर भोसरीच्या दादांना मी आज दुसरं उत्तर दिलं असतं.