लिव्हर पाऊण ठेवा म्हणणाऱ्याला आधी विचारा, आरपीएम किती?

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. कोलशेतला १६ फुटी फायबरची होडी, मागे नवं ४० हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. पाच माणसं बसली की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उचलते आणि तशीच राहते. डीलर सांगतो, "लिव्हर पाऊण ठेवा, इंजिन जन्मभर टिकेल." आणि तुमचा प्रश्न, सेफ स्पीड किती धरू? हेच वाक्य मला बेलापूरला ऐकवलं होतं, बहुतेक त्याच सुरात.

मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगतो. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळं काही असेल तर पुस्तक खरं. रनिंग-इन, ऑइल, २० तासांची पहिली सर्व्हिस हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

पाऊण लिव्हर म्हणजे पाऊण जोर नव्हे. माझ्या इंजिनाला डीलरने १३ पिचचा पंखा लावून दिला होता (पिच म्हणजे पंखा एका फेरीत हिशेबाने किती इंच पुढे जाईल ते). एकटा गेलो तर होडी बाणासारखी. पण माणसं, बर्फाची पेटी, डिझेलचा कॅन (मोठ्या बोटीला पोचवायचा असायचा) असं सगळं भरलं की लिव्हर अर्ध्यापुढे कितीही ढकला, टॅकोमीटरचा, म्हणजे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दाखवणारा, काटा जागचा हलत नसे. आवाज तेवढा जड व्हायचा, घशात काही अडकल्यासारखा. लिव्हर तळापर्यंत दाबून ४७०० च्या वर आरपीएम कधी गेलंच नाही. माझ्या मॉडेलच्या पुस्तकात फुल थ्रॉटलला, म्हणजे लिव्हर पूर्ण दाबल्यावर, ५००० ते ६००० चा पट्टा लिहिलाय. म्हणजे मी "पाऊण" ठेवायचो तेव्हा इंजिन खरं तर पूर्ण भाराखाली गुदमरत होतं. गायमुखचा घाट भरलेला टेम्पो चौथ्या गिअरमध्ये चढवला तर जे होईल तेच. वेग कमी, म्हणून आपल्याला वाटतं इंजिन आरामात आहे. आत पिस्टन भाजत असतो, कार्बन साचतो, रिंगा अडकतात.

आता त्या डीलरच्या सर्व्हिस सेंटरबद्दल. नाव घेत नाही. तीनदा तक्रार केली की लोडला आरपीएम चढत नाही. तिन्ही वेळा इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये लावलं, घर्र घर्र केलं आणि जॉब कार्डावर "इंजिन ओके" लिहून दिलं. अहो, ड्रममध्ये होडी कुठे असते? वजन कुठे असतं? पाण्यावर चला, लोड घालून स्वतः बघा म्हटलं, तर "आमचा माणूस साइटवर येत नाही." पंखा बदलून बघू का विचारलं, तर "वॉरंटी जाईल." शेवटी वरच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बसलं. हेड उघडलं तेव्हा हेच लोक म्हणाले, "तुम्ही फार जोरात चालवलंत." जोरात! आयुष्यभर पाऊण लिव्हर, तोही त्यांच्याच सांगण्यावरून. वॉरंटी नाकारली, कंपनीला मेल करा म्हणाले, कंपनीने मेल परत डीलरकडे पाठवला. त्या खर्चात दुसरं जुनं इंजिन आलं असतं. जाऊ दे, बीपी वाढतं.

तर स्पीड ठरवायच्या आधी एवढं करा. टॅको नसेल तर बसवून घ्या, त्याशिवाय हे सगळं अंदाजपंचे. उधाणाच्या भरतीला, जाळी नसतील अशा रुंद आणि खोल पाण्यात, नेहमीचं पूर्ण वजन घेऊन इंजिन गरम झाल्यावर थोडा वेळ फुल थ्रॉटल द्या. काटा तुमच्या पुस्तकातल्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात गेला पाहिजे. खाली राहिला तर पिच कमी करा. १ इंच पिच कमी केला की ढोबळ १५० ते २०० आरपीएम वाढतं. मी १३ काढून १० लावला, काटा ५३०० च्या आसपास गेला, पट्ट्यात तरी आला. एकट्याने जाताना टॉप स्पीड थोडा पडला, पण रोज एकटं कोण जातं? उलट पट्ट्याच्या वर पळत असेल तर पिच वाढवावा लागेल. वळणावर एकदम आरपीएम उडालं आणि धक्का गेला, तर पंखा हवा ओढतोय. मग इंजिनाची उंची आणि ट्रिम (इंजिनाचा कल) बघा, पंख्याला दोष देऊ नका.

हे जमलं की क्रूझिंगचं, म्हणजे रोजच्या एकसारख्या वेगाचं, कोडं सुटतंच. फुल थ्रॉटलला जे आरपीएम मिळतं त्याच्या ७० ते ७५ टक्के धरा. म्हणजे ५५०० मिळालं तर ४००० च्या आसपास. माझ्या मते याहून हळू चालवणं म्हणजे इंजिनावर उपकार, हा निव्वळ गैरसमज आहे. पेट्रोलही तिथेच वाचतं. ४० हॉर्सपॉवर फुल थ्रॉटलला ताशी १५ लिटरच्या घरात पितं, ४००० ला साधारण निम्मं.

पण होडी त्या आरपीएमला पाण्यावर चढून सपाट धावणारी हवी. तुमची नाळ वर राहते हे ती चढत नसल्याचंच लक्षण. १६ फुटी होडी ताशी ९-१० किलोमीटरपर्यंत पाणी कापत शांत जाते. त्याच्या पुढे, पाण्यावर चढेपर्यंतचा मधला टप्पा सगळ्यात वाईट. मागचा भाग खोल, पुढचं दिसत नाही, पेट्रोल सर्वात जास्त आणि लाटाही मोठ्या. तिथे रेंगाळू नका. एकतर खाली शांत, नाहीतर वर चढून सपाट. चढतच नसेल तर एखादा माणूस पुढे सरकवा, टाकी पुढे घ्या. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

मोबाइलच्या जीपीएसवर एकाच दिशेचा वेग बघून खूश होऊ नका. आपल्या खाडीत ओहोटीचा ओढ दांडगा असतो. जाताना आणि येताना मोजा आणि सरासरी काढा.

आणि खाडीत आरपीएमचा हिशेब दुय्यम. कळव्याच्या पुलाखाली, ऐरोली-वाशीच्या पुलांजवळ, कोळीवाड्यांसमोर, थर्माकोलचे बोये दिसले की सरळ हळू. तुमच्या लाटेने कुणाची छोटी होडी उलटली तर टक्केवारी कामाची नाही. ओहोटीत चिखल ओढला जातो. इंजिनाच्या मागून थंड करणाऱ्या पाण्याची धार येते ना, ती बारीक झाली की इंजिन लगेच बंद करा. ते पाणी ढकलणारा इम्पेलर दरवर्षी बदला, रबराचा तुकडा स्वस्त असतो. आणि हो, पंपावरच्या ई-२० पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, होडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. इंजेक्शनवालं असेल तर पुस्तक बघा.

फुल थ्रॉटल टेस्ट करताना किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी, सगळ्यांच्या अंगात जॅकेट हवं. यावर वाद नको.

पंख्याच्या बोंडावर किंवा पात्यावर व्यास आणि पिचचे आकडे कोरलेले असतात. ते, आणि फुल लोड फुल थ्रॉटलचं आरपीएम इथे टाका, मग पिच किती कमी करायचा ते बोलू. डीलरकडे जाल तर "लोडला फुल थ्रॉटल आरपीएम इतकं" हे जॉब कार्डावर त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. नाही लिहिलं तर तिथेच, त्याच्यासमोर, व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.