गावाकडं घर बांधताना गुत्तेदार (ठेकेदार) आणि मजुरांकडून फसवणूक होऊ नये, खर्च हाताबाहेर जाऊ नये, यासाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की अहमदपूर तालुक्यात गावी हजार फुटांचं घर बांधायला काढलंय, स्वतः पुण्यात नोकरीला आहात, आणि काम मटेरियलसकट गुत्त्यानं द्यावं की नुसत्या मजुरीवर, हे ठरत नाही. खाली जोडलंय, "मजूर सिमेंट खातात, त्यांना आवरायचं कसं?" पहिल्याचं उत्तर दोन-तीन ओळींचं आहे. दुसऱ्यावरून मात्र माझं आणि भाऊजींचं अजून वाजतं, म्हणून ते लांबणार.

पहिलं. गावी दिवसातून दोनदा कामावर चक्कर मारणारं, मोजून माल उतरवून घेणारं माणूस असेल तर मटेरियल तुमचं आणि मजुरी गुत्त्यानं. तसं माणूस नसेल तर सगळंच गुत्तेदाराला द्या, पण सिमेंटचा ब्रँड, स्लॅबची जाडी, इंजिनिअरनं सही केलेला सळईचा तक्ता (कुठं, किती जाडीची, किती सळई) आणि जोत्यात भराव कशाचा हे चार मुद्दे कागदावर पाहिजेत. वडील वयस्कर आहेत आणि शेतही बघतात, अशी स्थिती असेल तर ते माणूस धरू नका.

आता सिमेंट खाण्याचं. भाऊजींचा स्लॅब हजार फुटांचा, पाच इंची, एकास दीड तीन मालाचा (एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी). त्यांनी कुणाला तरी विचारून ९५ पोती धरली होती, लागली १४०. ४५ पोती गुत्तेदारानं खाल्ली, हा त्यांचा निकाल आजही कायम आहे.

९५ चा हिशोब चुकीचा नव्हता, अर्धा होता. हजार फुटांवर पाच इंच म्हणजे ४१७ घनफूट, म्हणजे ११.८ घनमीटर. एका घनमीटरला आठ पोती, म्हणून ९५. (वाळू पावणेदोन ब्रास, खडी साडेतीन ब्रास; ब्रास म्हणजे १०० घनफूट. लिहून ठेवा, तुम्हालाही लागेल.) पण यात बीम कुठं आहेत? घराला १६० फूट बीम होते, नऊ इंच रुंद, पंधरा इंच खोल. त्यातले पाच इंच स्लॅबमध्येच मोजले गेले, खाली लोंबणारे दहा इंच उरले. त्याचे बरोबर १०० घनफूट होतात, म्हणजे २३ पोती. झाली ११८.

राहिली २२. स्लॅबमध्ये पाण्याच्या पाइपांसाठी तीन भोकं सोडली होती. त्यातून टेप घालून जाडी मोजली तर एका ठिकाणी पाच इंच, दुसऱ्या ठिकाणी साडेसहा, तिसऱ्या ठिकाणी सव्वासहा. सरासरी सहाच्या आसपास. एक जादा इंच म्हणजे ८३ घनफूट, १९ पोती, आणि शिवाय सहा टनांचं ओझं उगाच घराच्या डोक्यावर. ९५, २३ आणि १९ मिळून १३७. तीन पोती सांडलवंड. १४० पोत्यांत तीन सांडणारा गुत्तेदार चोर नाही, चांगला आहे.

स्लॅब जाड का झाला, हे जास्त कामाचं आहे. वरचा पृष्ठभाग दोरीनं लेव्हलमध्येच होता. खालचं सेंट्रिंग, म्हणजे ओला स्लॅब तोलून धरणारा साचा, खाली बसलं होतं. आणि सेंट्रिंग बसलं, कारण टेकू जोत्यातल्या भरावावर उभे होते आणि तो भराव होता पायातून निघालेल्या काळ्या मातीचा. फुकटची माती आहे, मुरूम कशाला विकत आणायचा, हा विचार गुत्तेदाराचा नव्हता, घरमालकाचा होता. दोन फूट जोतं भरायचं तर हजार फुटांना मोकळा मुरूम वीस-पंचवीस ब्रास लागतो, तेवढे पैसे वाचले असं वाटलं. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि मऊ पडते, सुकली की भेगाळते. कॉलमला मारलेलं पाणी रोज त्याच भरावात मुरत होतं. टेकूंखाली फळ्या नव्हत्या. तीन दिवसांपूर्वी पाण्याच्या नळीनं तपासलेली लेव्हल स्लॅबच्या सकाळी पुन्हा कुणी तपासली नाही, कारण मुहूर्त होता. पुढं त्याच भरावावर फरशी बसली आणि आता चालताना ती पोकळ वाजते.

म्हणून जोत्यात मुरूमच, तोही सहा-सहा इंचांच्या थरानं, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मसानं ठोकून दाबायचा. पायातली काळी माती शेतात नेऊन टाका. टेकूखाली फळी, आणि स्लॅबच्या दिवशी मिक्सर सुरू व्हायच्या आधी पाण्याची नळी पुन्हा लावायची. ओतताना एका सळईला पाच इंचावर खूण करून ओल्या मालात जागोजागी खुपसत राहायचं. हे काम वडील खुर्ची टाकून करवून घेऊ शकतात.

पुढं काय झालं ते मजुरांच्या बाजूनं बघा. भाऊजींनी स्लॅबचा हप्ता अडवला. दसऱ्याला स्लॅब ओतला होता, दिवाळी झाली, टोळीतले निम्मे बिगारी जोडप्यानं ऊसतोडीला गेले. पैसे अडकले म्हणून मुकादमानंही दुसरं काम धरलं. वीटकाम होळीनंतर सुरू झालं, तोवर घरात ठेवलेली उरलेली पोती गड्डे झाली होती. हा तोटा कुणी खाल्ला?

आपल्याकडं मजुरांचं कॅलेंडर दोनच गोष्टींवर चालतं, ऊस आणि पाऊस. दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडं जातात, मार्च-एप्रिलमध्ये परततात, जूनला पेरणीत पुन्हा गायब. जास्त हातांची कामं म्हणजे पाया, भराव आणि स्लॅब दिवाळीच्या आत उरका. मग हिवाळ्यात दोन गवंडी आणि तीन बिगारी असले तरी वीटकाम-प्लास्टर निघतं. आणि पाया-स्लॅब एप्रिल-मेवर ढकलू नका, मजूर भेटतील पण पाणी भेटणार नाही. उन्हाळ्यात स्लॅबला किमान दहा दिवस आळं करून पाणी साठवायचं आणि कॉलमला ओला बारदाना गुंडाळायचा, म्हणजे टँकर आला. ते पाणी वाचवलं तर सिमेंट कितीही महागाचं घेतलेलं असो, वाया गेलं. टेकू काढायची घाई करू नका. साडेचार मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असलेल्या स्लॅबखाली सात दिवस, बीमखाली चौदा, आणि बीमचा गाळा सहा मीटरच्या पुढं असेल तर एकवीस.

उचल हा दुसरा वाद. हजेरी आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी चुकती करा, बाजाराच्या सकाळी पैसे नसले की पुढचे दोन दिवस खाडा ठरलेला. पण उचल मोजलेल्या कामाच्या पुढं जाऊ देऊ नका. मजुरीचे हप्ते मी असे पाडतो: जोत्यापर्यंत २० टक्के, स्लॅबला २५, वीटकामाला १५, प्लास्टरला २०, गिलाव्यानंतरच्या किरकोळ कामांना १०, आणि शेवटचे १० पहिला पाऊस गळती न होता गेल्यावर. हप्ता अडवायचा तर आधी टेप लावून मोजायचं. मनातल्या मनात चोर ठरवून अडवायचा नाही.

फसवणूक होते ती मजुराच्या हातून कमी, ट्रॉलीतून जास्त. ट्रॉली आतून मोजा, लांबी गुणिले रुंदी, आणि उंची वरून दिसते ती नाही, तर चार ठिकाणी सळई खुपसून. ओली वाळू फुगलेली असते, पाव हिश्श्यापर्यंत, म्हणजे ब्रासमागं वीस घनफुटांपर्यंत पाण्यानं फुगलेल्या जागेचे पैसे देता. ओली ट्रॉली आली तर भाव तसा करा. वाळूत गाळ किती हे काचेच्या बाटलीत कळतं: अर्धी वाळू, वर मिठाचं पाणी, हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या आठ टक्क्यांच्या पुढं गेला तर परत पाठवा.

सळई जालन्याची घ्या नाहीतर कुठलीही, पण नगावर नको आणि नुसत्या पावतीवरही नको. १२ मीटरची ८ एमएमची सळई ४.७४ किलो भरली पाहिजे, १० ची ७.४, १२ ची १०.६६, १६ ची १९ च्या जवळ. १२ एमएमला पाच टक्के मागं-पुढं चालतं. त्याहून हलकी असेल तर ताकद गेली, जड असेल तर तेवढ्याच वजनात नग कमी मिळाले. काटा दुकानदाराच्या ओळखीचा नको. सगळ्या घराला फुटामागं साडेतीन-चार किलो सळई आणि चार दशांश पोतं सिमेंट, असा ठोकताळा धरतात. ती चारशे पोती एकदम आणू नका. २०२५ च्या सप्टेंबरात सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला म्हणून भरून ठेवावंसं वाटेल, पण तीन महिने पडून राहिलेल्या पोत्याचा जोर उतरतो. महिन्यापुरतं आणा, फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून फूटभर लांब.

एक गोष्ट पैसे न लागता होते आणि तरी राहून जाते. कॉलम-बीमच्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगांचे हूक ९० अंशात नाही, १३५ अंशात आत वळवलेले पाहिजेत, शेपूट किमान अडीच इंच. फिटर, म्हणजे सळई बांधणारा, कंटाळा करतो, कारण बांधताना त्रास होतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत काय झालं हे लातूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. तिथं मातीत रचलेल्या दगडी भिंती होत्या, तुमचं घर आरसीसी आहे, पण हूक उघडले की कॉलम फुटतो. हे स्वतः उभं राहून बघा. पुण्याहून यायचे दोनच दिवस निवडायचे असतील तर स्लॅबचा नको, कॉलमच्या रिंगा बांधतात तो निवडा, आणि दुसरा भरावाचा.

वरचे सिमेंटचे आकडे पाच इंची स्लॅब आणि एकास दीड तीन मालाचे आहेत, खोल्या मोठ्या असतील तर जाडी बदलेल आणि सगळं बदलेल. पाया किती खोल जाईल हे मी सांगू शकत नाही. काही गावांत चार फुटांवर मुरूम लागतो, काही ठिकाणी पंधरा फूट काळीच. आधी एक खड्डा घेऊन बघा. माती खोल असेल तर साधे फुटिंग (कॉलमखालचा पसरट पाया) नको, इंजिनिअरला विचारून पाइल (जमिनीत खोल घातलेले काँक्रीटचे खांब) करा. आणि सगळेच गुत्तेदार साधू आहेत असं माझं म्हणणं नाही.

फुटाचा दर काय चाललाय, हेही विचारलंत. दरापेक्षा तो फूट कुठला ते आधी विचारा. मोजमाप स्लॅबच्या बाहेरच्या कडेनं की भिंतीच्या, छज्जा अर्धा धरायचा की पूर्ण, गच्चीची पॅरापेट, पाण्याचा हौद, देवळी, ओटा, सेंट्रिंगचं भाडं, मिक्सरचं डिझेल, यातलं दरात काय आणि वेगळं काय, हे एकेक करून लिहून सही घ्या. भाऊजींच्या कागदावर जिना नव्हता. त्यावरचं भांडण वेगळं आहे, आणि त्यात चूक गुत्तेदाराची होती.