जुन्या लॅपटॉपमध्ये मोठी एसएसडी बसवताना

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची एम.२ एसएसडी (डेटा साठवणारे कार्ड) आहे. त्याजागी १ टीबीची बसवायची आहे. स्लॉट एकच आहे. विंडोज पुन्हा न टाकता हे जमेल का?

उत्तर : जमेल, पण आधी स्लॉट तपासा. एम.२ हा फक्त कार्डाचा आकार झाला. लॅपटॉपशी जोडणीच्या पद्धतीनुसार कार्ड साटा असते किंवा एनव्हीएमई. काही जुन्या लॅपटॉपच्या स्लॉटला फक्त साटा जोडणी दिलेली असते. तिथे एनव्हीएमई कार्ड बसले तरी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) दिसत नाही. जोडणीच्या कडेला दोन खाचा असलेले कार्ड बहुधा साटा असते, पण खाचेवर विसंबून खरेदी करू नका. आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअलच पाहा. लांबीही तिथेच कळेल. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब.

स्लॉट एकच असल्याने नवी एसएसडी यूएसबी एन्क्लोजरमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घालून तिच्यावर जुनीचा क्लोन, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब नक्कल, करावा लागेल. एन्क्लोजरही कार्डाच्या जातीचेच हवे. फक्त एनव्हीएमईसाठी असलेले एन्क्लोजर साटा कार्ड ओळखत नाही. क्लोन करण्याआधी महत्त्वाच्या फायलींचा वेगळा बॅकअप घ्याच. बिटलॉकर (डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारा क्रमांक, कागदावर उतरवा, बिटलॉकर बंद करा आणि डिक्रिप्शन (डेटाचे कुलूप निघणे) पूर्ण होऊ द्या. ही पायरी गाळली तर नव्या एसएसडीवरून सुरू होताना लॅपटॉप की मागू शकतो, आणि ती हाताशी नसेल तर डेटा अडकतो.

क्लोन झाल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, मागचे झाकण उघडून सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. जुने कार्ड काढून नवे तिरके धरून आत सरकवा, खाली दाबा आणि स्क्रू हलक्या हाताने आवळा. पहिल्यांदा सुरू करताना जुनी एसएसडी जोडलेली नको. दोन्हींची ओळख सारखीच असल्याने विंडोजचा घोळ होतो. सगळे नीट चालते आहे याची खात्री होईपर्यंत जुनी पुसू नका.

प्रश्न : क्लोन झाले, पण सी ड्राइव्ह पूर्वीएवढाच राहिला. ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ही चालत नाही.

उत्तर : सी आणि रिकामी जागा यांच्यामध्ये रिकव्हरी पार्टिशन (दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा भाग) आले आहे. विंडोजमधले डिस्क मॅनेजमेंट सीला फक्त लगतच उजवीकडे असलेली जागा जोडू शकते. पार्टिशन हलवणाऱ्या सॉफ्टवेअरने रिकव्हरी पार्टिशन शेवटाकडे सरकवा, मग सी वाढवा. ते पुसून टाकण्याचा सोपा मार्ग टाळा; विंडोज बिघडल्यावर दुरुस्तीची साधने तिथूनच मिळतात. एकूण आकडा ९३१ जीबी दिसला तर काळजी नको. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.