वाचकांचे प्रश्न : मकावची सॉफ्टवेअर संस्था

प्रश्न : संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने विकसनशील देशांसाठी मकाव येथे सॉफ्टवेअर संशोधन संस्था काढली होती, असे वाचनात आले. आपल्याकडच्या संगणक-वर्गांहून तिच्या प्रशिक्षणाच्या योजनेत वेगळे काय होते? (संगणकशास्त्राचे एक प्राध्यापक, नांदेड)

उत्तर : आपण म्हणता ती संस्था म्हणजे ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’. टोकियोत मुख्यालय असलेल्या संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने ती १९९२ मध्ये सुरू केली आणि मकाव, चीन व पोर्तुगाल यांच्या देणग्यांतून तिचा निधी उभा राहिला. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचे मकाव तेव्हा पोर्तुगीजांकडे होते. एकेकाळी त्याचा कारभार गोव्यातून चाले, हे गोमंतकीय वाचकांना वेगळे सांगायला नको. संस्थेचे पहिले संचालक डेन्मार्कचे डिनेस ब्यॉर्नर हे होते. प्रोग्राम लिहिण्याआधी त्याने काय करायचे आहे ते गणिताच्या भाषेत काटेकोर मांडावे, या ‘फॉर्मल मेथड्स’ नावाच्या विचाराचे ते खंदे पुरस्कर्ते.

वर्गात एखादी संगणकभाषा शिकवतात, प्रमाणपत्र देतात आणि ती भाषा मागे पडली की विद्यार्थ्याला नवे शुल्क भरून पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. मकावची योजना या चक्राच्या बाहेरची होती. विकसनशील देशांतील प्राध्यापक, संशोधक, सरकारी खात्यांतले अभियंते यांना काही महिन्यांसाठी बोलवायचे, आपल्याच देशातल्या एखाद्या खऱ्या अडचणीवर मार्गदर्शकासोबत संशोधन करू द्यायचे आणि मग घरी परत पाठवायचे, अशी तिची रीत होती. शिवाय संस्थेचे शिक्षक त्या त्या देशांत जाऊनही अभ्यासक्रम घेत. शिकवायचे ते शिकवणाऱ्यालाच, म्हणजे एका माणसामागे पुढच्या कित्येक तुकड्या तयार होतील, हा त्यामागचा हिशेब होता.

चीनच्या रेल्वेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. झेंगझौ ते वुहान या मार्गासाठी चिनी अभियंत्यांनी या संस्थेत ‘रेझ’ ही फॉर्मल मेथड्समधलीच एक पद्धत वापरून काम केले. गाड्यांचे नियंत्रण करणारा माणूस एक मोठा आलेख समोर ठेवतो. त्यात आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर स्थानके असतात आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेषा असते. आपल्याकडेही सेक्शन कंट्रोलर वर्षानुवर्षे असा तक्ता पेन्सिलीने भरत आले. एकाच मार्गावरून एकाच दिशेने जाणाऱ्या दोन गाड्यांच्या रेषा स्थानकात छेदल्या, तर मागची गाडी पुढे काढली एवढाच त्याचा अर्थ. पण त्याच रेषा दोन स्थानकांच्या मधल्या पट्ट्यात छेदल्या, तर तो तक्ता अपघाताचा आहे. अनुभवी नियंत्रकाला हे नजरेने कळते, संगणकाला कळत नाही. म्हणून स्थानक म्हणजे काय, गाडी म्हणजे काय, ‘चालण्याजोगा तक्ता’ कशाला म्हणायचे, हे सगळे आधी व्याख्यांत बांधून घ्यावे लागते. माझ्या मते या अभियंत्यांनी घरी नेलेली खरी कमाई ती मांडणी होती, त्यावरून पुढे तयार झालेला प्रोग्राम नव्हे.

मंगोलियाच्या संशोधकांसोबत झालेले बहुलिपी दस्तऐवजांचे कामही असेच घरच्या गरजेतून आलेले होते. पारंपरिक मंगोल लिपी वरून खाली लिहितात. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या मजकुराशी तिची एकाच पानावर सांगड कशी घालायची, हा प्रश्न इंग्रजीत काम करणाऱ्याला सहसा पडत नाही. आपल्याला मात्र तो परका वाटू नये, कारण ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि संगणकात ती ‘क’ च्या नंतर साठवली जाते.

प्रश्न : या कामाशी भारतातल्या कोणाचा संबंध आला का? (एक विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : आला, आणि तो मुंबईतच. झोउ चाओचेन, टोनी होअर आणि आंदर्स राव्न या संगणकशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये ‘ड्युरेशन कॅल्क्युलस’ ही, एखादी स्थिती एकूण किती वेळ टिकते याबद्दलच्या अटी मांडणारी तर्कपद्धती मांडली. झोउ पुढे मकावच्या संस्थेचे संचालक झाले आणि तिथे या पद्धतीवर बरेच काम झाले. गॅस बर्नर हे तिचे गाजलेले उदाहरण आहे. मिनिटभराचा किंवा त्याहून मोठा कोणताही कालखंड घेतला, तरी त्यात गॅसची गळती एकूण वेळेच्या विसाव्या भागाहून जास्त असू नये, म्हणजे ६० सेकंदांत फार तर ३ सेकंद. ‘गळती फार होऊ नये’ या मोघम सूचनेची अशी तपासता येण्याजोगी अट बनते. अशा अटी संगणकाकडून तपासून घेणारे ‘डीसीव्हॅलिड’ हे साधन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परितोष पांड्या यांनी तयार केले.

प्रश्न : ती योजना आज चालू आहे का? आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला तिच्यातून काही घेता येईल का? (नांदेडच्या त्याच प्राध्यापकांचा पुढचा प्रश्न)

उत्तर : मूळ रूपात नाही. संस्थेचे लक्ष आधी ई-प्रशासनाकडे आणि नंतर संगणक व समाज या विषयाकडे वळले, तिचे नावही बदलले. मकावमध्ये संयुक्त राष्ट्र विद्यापीठाची संस्था आजही आहे, पण तिचा विषय आता वेगळा आहे. पहिल्या योजनेत एक उणीव होती, असे मला वाटते. परतलेल्या माणसाला घरी तसे काम करणारे सहकारी असतीलच, याची हमी संस्था देऊ शकत नव्हती, आणि गणिती मांडणीसाठी वेळ द्यायला व्यावसायिक कंपन्या सहसा राजी नसतात.

घेण्यासारखे मात्र आहे, आणि त्याला परदेशी निधी लागत नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांना ‘लायब्ररी मॅनेजमेंट’चा तोच तो प्रकल्प देण्याऐवजी जवळच्या एसटी आगारात चालक-वाहकांच्या ड्युट्या कशा लावतात, ते पाहून यायला सांगावे. दोन फेऱ्यांमध्ये विश्रांती किती, मुक्कामी गाडीचा चालक सकाळी कोणती फेरी घेऊ शकतो, कोणी अचानक रजेवर गेला तर कोणता नियम आधी लागू होतो, हे सगळे त्यांनी संगणकाला हात न लावता गणितातल्या संच आणि संबंधांच्या भाषेत लिहून आणावे. ते लिहिलेले ड्युट्या लावणाऱ्या कर्मचाऱ्याला समजावून सांगताना कोणते नियम परस्परांशी भांडतात ते बाहेर येईल. पहिले सत्र एवढ्यातच संपले तरी चालेल.