प्रवाळाच्या अळ्या सांभाळताय? आधी उजेड बघा

अ‍ॅक्रोपोरा या प्रवाळाच्या अळ्या पहिल्यांदाच वाढवणार असाल, तर खाण्याची चिंता सोडा. अंड्यातली चरबी त्यांना सुरुवातीला पुरते. घोळ होतो तो उजेडात.

या अळ्यांना डोळे नसतात, तरी अ‍ॅक्रोपोरा टेन्युइस या जातीच्या अळ्या निळा उजेड कमी होताच पोहता पोहता थबकतात. तेव्हा टाकीवर वाकून सावली पाडत नोंदी घेऊ नका. थेट ऊनही नको, अतिनील किरण बाधतात. पोसिलोपोरा या दुसऱ्या प्रवाळाच्या अळ्या अंगात राहणारं शैवाल आईकडूनच घेऊन निघतात. त्यांना कडक उजेड आणि तापलेलं पाणी एकदम मिळालं, तर तेच शैवाल अंगावर उलटतं.

अळ्यांना चिकटायला द्यायच्या फरशा आधी काही आठवडे समुद्रात ठेवून गुलाबी चुनखडी शैवाल चढू द्या. मग त्या आडव्या लावा, खाली फट ठेवून. उथळ पाण्यात बऱ्याच अळ्या खालच्या बाजूला नाहीतर कडेला चिकटतात. तिथे गाळ कमी, माशांचं चरणंही कमी. खोलवर, उजेड मंदावला की त्याच वरच्या बाजूला चिकटतात. नवखे लोक फक्त वरची बाजू बघून ‘काहीच बसलं नाही’ म्हणतात! फरशी पाण्यातच उलटा, भिंगाखाली धरा. जेमतेम मिलिमीटरभराचे ठिपके शोधायचे असतात.