चहा मोजला, मशेरी मोजलीच नाही

चहा सोडवायला कुणी समुपदेशकाकडे येत असेल यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. पण येतात. परीक्षेच्या दिवसांत रात्र-रात्र कॉफीवर काढणाऱ्या मुलाचे आईवडील येतात, दिवसभर कटिंग मारणाऱ्या नवऱ्याला घेऊन बायको येते. प्रश्न एकच असतो: ‘हे व्यसनच ना?’ खालचा अनुभव संबंधितांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लालबागहून तिशीतली एक मुलगी आईला घेऊन आली. आईंना आपण काकू म्हणू. वय पंचावन्नच्या आसपास, दोन घरी स्वयंपाकाची कामं. मुलीने बसल्या-बसल्या मोबाइलमध्ये टिपून ठेवलेला हिशेब वाचला. रोज आठ-नऊ कप चहा, रात्री दोनपर्यंत झोप नाही, छातीत जळजळ, हिमोग्लोबिन नऊ. एकदा तिने चहापावडरचा डबाच कपाटात कुलूप लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी काकूंचं डोकं असं ठणकलं की त्या कामावर जाऊ शकल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी शेजारणीकडे गुपचूप चहा पिऊन आल्या. ‘चोरून, मॅडम. बाबा प्यायचे तसंच चोरून,’ ती म्हणाली.

मग कळलं की तिचे वडील दारूने गेले. म्हणजे ही मुलगी कपांचा हिशेब का ठेवत होती ते समजण्यासारखं होतं. काकू मात्र खाली मान घालून बसल्या होत्या. ‘ह्यांच्या दारूत माझी उमर गेली,’ एवढंच त्या म्हणाल्या, ‘आता लेक मला त्यांच्याच रांगेत बसवते.’

त्या रांगेत काकू बसत नाहीत, हे मी दोघींना आधी स्पष्ट सांगितलं. आणि का, तेही.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यामुळे आपल्याला झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते. रोज कॅफीन मिळालं की मेंदू त्याच्या हिशेबाने स्वतःला जुळवून घेतो. मग ते एकदम बंद केलं की साधारण १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, पहिले दोन दिवस फार त्रास होतो, चिडचिड होते, सुस्ती येते, आणि दोन ते नऊ दिवसांत हे सगळं ओसरतं. काकूंचं डोकं नेमकं याच वेळापत्रकाने दुखलं. शरीराला सवय झाल्याचं ते लक्षण. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निदानपुस्तिकेत कॅफीन थांबवल्यावर होणारा त्रास नोंदवलेला आहे, पण कॅफीनच्या व्यसनाला त्यात पक्क्या आजाराचं स्थान दिलेलं नाही. अजून अभ्यास हवा, अशा यादीत ते ठेवलं आहे. चहापायी नोकरी गेली, घरातली भांडी विकली, मुलांची फी राहिली, असं सहसा होत नाही.

सहसा, असं मी मुद्दाम म्हणते. कमी करायचं ठरवून पुन्हापुन्हा फसणं, अपाय होतोय हे माहीत असून चालू ठेवणं आणि थांबवल्यावर त्रास होणं, या तीन गोष्टी एकत्र असतील तर त्याकडे गंभीरपणे बघावं लागतं. घाबरण्याचे झटके येत असताना किंवा डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांमुळे मनाई केलेली असताना एनर्जी ड्रिंकचे कॅन रिचवणाऱ्या माणसाला ‘साधी सवय आहे’ म्हणून मी सोडून देणार नाही.

काकूंच्या चहात भरपूर सुधारण्यासारखं होतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनानुसार दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन नको, आणि चहाच्या एका कपात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. आठ-नऊ कपांत मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. शरीरातलं निम्मं कॅफीन निघून जायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सातच्या चहातलं अर्धं रात्री बारालाही अंगात असतं. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध आहे. हे सगळं सुधारता येतं, आणि त्यासाठी कुणाला व्यसनी ठरवायची गरज नसते.

नंतर मी नेहमीप्रमाणे विचारलं, ‘काकू, उठल्यापासून दिवस कसा जातो ते सांगा.’

‘पाचला उठते. मशेरी लावते. मग चहा टाकते.’

‘दिवसातून किती वेळा लावता?’

मुलगी मध्येच म्हणाली, ‘मॅडम, ते दात घासायचं आहे.’

काकू मात्र बोटांवर मोजू लागल्या. उठल्यावर, पहिल्या घरचं काम उरकल्यावर, जेवणानंतर, संध्याकाळी, झोपताना. मशेरी लावली की तोंड कडवट होतं आणि मग चहा लागतो, असं त्यांनीच सांगितलं. निम्मे चहा मशेरीच्या मागून येत होते. थोरल्या बाळंतपणात दात दुखायला लागले तेव्हा सासूबाईंनी लावायला दिली, ती तेव्हापासून. एकदा गावी जाताना दादरला गाडीत बसल्यावर डबी घरी राहिल्याचं लक्षात आलं. ठाण्याला उतरून त्या तंबाखू शोधत फिरल्या आणि गाडी निघून गेली.

चहासाठी त्यांनी गाडी कधीच सोडली नव्हती.

मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेला तंबाखू. हिरड्यांवर लावला की त्यातलं निकोटिन तिथूनच रक्तात जातं. धूर न होणाऱ्या तंबाखूनेही तोंडाचा कर्करोग होतो. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या १२.८ टक्के बायका असा बिनधुराचा तंबाखू वापरताना आढळल्या. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण मशेरी घरच्या गॅसवर भाजली जाते आणि फडताळात मिठाच्या बरणीशेजारी राहते. तिला घरातलं कुणी विचारत नाही. सासूने सुनेला दिलेली वस्तू, दातांच्या नावाने वापरलेली, म्हणून ती हिशेबात धरलीच जात नाही. मला याचा मनापासून राग येतो, कारण बायकांची कर्करोगाची भीती आणि बायकांचं व्यसन अशा वस्तूंआड वर्षानुवर्षं लपून राहतं. ज्या मुलीने कप अन् कप टिपला होता, तिला रोज डोळ्यांसमोरची डबी दिसली नव्हती.

ती रडायला लागली. तिला मी एकच काम दिलं, कुलूप काढायचं. कुलूप लावलं की माणूस लपवायला शिकतो, आणि मला काकूंकडून खरे आकडे हवे होते.

पहिल्यांदा त्यांना दंतवैद्यांकडे पाठवलं. खालच्या ओठाच्या आत पांढरट चट्टा निघाला. आज कर्करोग नाही, पण मशेरी थांबवा आणि सांगितल्या वेळी पुन्हा दाखवा, असं डॉक्टरांनी बजावलं. चट्टा बघायला आरसा हाती दिल्यावर काकू बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचा निर्णय तिथे झाला असं मला वाटतं. माझ्या बोलण्याने झाला नसता.

दुपारची मशेरी आधी सुटली आणि तिच्या मागचा चहाही आपोआप गेला. चहा एकदम न तोडता दर काही दिवसांनी एकेक कप कमी केला, जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नाही, चारनंतर अजिबात नाही. तल्लफ आली की तोंडात बडीशेप किंवा लवंग. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनची च्युइंगम. तंबाखू सोडण्यासाठीची १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. मुलीने तो नंबर लिहून भिंतीवर लावला. मन खचलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहेच.

आता चहा चार कपांवर आला आहे. झोप साडेअकराला लागते. हिमोग्लोबिनसाठी गोळ्या चालू आहेत. सकाळची मशेरी मात्र सुटलेली नाही. उठल्यावर पाच मिनिटांच्या आत तंबाखू लागतो, हे पकड घट्ट असल्याचं लक्षण, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. तारीख काकूंनी स्वतः ठरवली आहे: गावचे गौरी-गणपती आटोपून मुंबईला परतल्याचा दुसरा दिवस. गावी जावा-नणंदा पडवीत एकत्र बसून मशेरी लावतात, तिथे आपल्याच्याने होणार नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मला ते पटलं. चट्ट्याची पुढची तपासणी त्याच आठवड्यात आहे. मुलगी सोबत येणार आहे.