सारुमानचा आवाज आणि तुझं तिसरं प्रकरण

चि. मुलीस,

टोल्किनवरच्या तुझ्या लिखाणाचं तिसरं प्रकरण दोनदा वाचलं. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला फितूर जादूगार सारुमान गोड बोलतो, म्हणून ती कादंबरी लिहिणाऱ्या टोल्किनला वक्तृत्वाचंच वावडं होतं आणि त्याचं मूळ त्याच्या ख्रिस्ती श्रद्धेत आहे, हा निष्कर्ष आधी खोड. प्लेटोनं वक्तृत्वाला खुशामत म्हटलं, तेवढं उचललंस आणि तिथंच थांबलीस. अगं, ख्रिस्ती संत ऑगस्टीन मिलानमध्ये वक्तृत्व शिकवूनच पोट भरत होता! नोकरी सोडली, पुढं बिशप झाला, पण रोमन वक्ता सिसेरो सोडला नाही. शिकवणं, रिझवणं, मन वळवणं ही सिसेरोची तीन कामं त्यानं ४२६च्या सुमारास प्रवचनकारांच्या हाती दिली. खोटं बोलणाऱ्यानं शस्त्र परजायचं आणि खरं बोलणाऱ्यानं रिकाम्या हातानं उभं राहायचं, हे त्याला पटत नव्हतं.

तेव्हा गोडवा मोजू नकोस. ऐकणारा शेवटी मोकळा उरतो का, ते बघ.

ऑर्थान्क या आपल्या मनोऱ्याच्या सज्जातून सारुमान समेटाची भाषा करतो आणि खाली उभे असलेले शत्रूचे घोडेस्वार विरघळतात. त्यांचा राजा थेओडेन नकार देतो तेव्हा त्याचा आवाज म्हाताऱ्या कावळ्यासारखा कर्कश वाटतो. पण तो मोकळा झालेल्या माणसाचा आवाज आहे! आणि त्यांच्या बाजूचा जादूगार गॅन्डाल्फ काय मुका आहे? तोही बोलतो, पण सारुमानला निघून जायची वाट ठेवून. मनोऱ्याची किल्ली आणि जादूची काठी तारण ठेव नि जा, म्हणतो. निवड सारुमानची. पुन्हा सांगतो, ऐकणारा मोकळा उरतो का?

मला हे उशिरा कळलं. वक्तृत्व स्पर्धांचे करंडक मिळवलेला माणूस मी. एका बैठकीत एका नवख्या सहकारी बाईंची हरकत मी अशी काही उडवली की सगळे हसले, त्याही हसल्या. हरकत रास्त होती. माझाही मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, हे आजही म्हणेन. पण त्या पुन्हा बैठकीत बोलल्या नाहीत.

टोल्किनचा मित्र सी. एस. लुइस याच्या 'द सिल्व्हर चेअर'मधली (१९५३) जमिनीखालची राणी असंच करते. वरचं जग खरं नाहीच, असं ती नायकांना पटवते: दिवा पाहून तुम्ही सूर्य कल्पलात, मांजर पाहून सिंह. त्यांच्यातल्या पडलग्लमला हे खोडता येत नाही. तो अनवाणी पायानं तिची भुरळ घालणारी धुनी तुडवतो, चामडी जळते आणि डोकं ताळ्यावर येतं. बोलतो तो त्यानंतर. याला तू 'तर्काचा पराभव' म्हणून तळटीपेत ढकललंस? कमाल आहे तुझी.

त्याला वर आण आणि शुक्रवारपर्यंत प्रकरण पाठव. जेवणाची आबाळ करू नकोस.